हो, मी सांगतो तसं कर

नवरोबांनी त्या रविवारी सकाळी सर्व्हर साफ करायचं ठरवलं, त्याला खरं कारण बायकोच होती. (घरात काहीही बिघडलं की मूळ कारण बायको असते, असं नवरोबांचं ठाम मत आहे. ते त्यांनी अजून तिला कळवलेलं नाही.)

बायको नाटकांचे कपडे शिवते. एवढी वर्षं तिने दुसऱ्यांच्या हाताखाली बटणं लावली, अस्तरं लावली. या वेळी प्रथमच एका मोठ्या नाटकाचं सगळं काम तिच्या एकटीकडे आलं होतं, राजापासून द्वारपालापर्यंत. दुपारी तिच्या दोन मदतनीस बाया कापड बेतायला येणार होत्या. तोवर वेळ होता म्हणून तिने कपाट आवरायला काढलं. आवरण्याचा तिचा नियम एकच. वस्तू हातात धरायची, "ही आपण वर्षभरात वापरली का?" असं विचारायचं आणि उत्तर 'नाही' आलं की वस्तू बाहेर. या नियमात नवरोबांचा कोट गेला, हवा भरायचा पंप गेला, आणि 'कधीतरी लागतील' म्हणून जपलेल्या वायरींचं गाठोडंही गेलं. मग अस्तराचं कापड आणायला निघताना ती म्हणाली, "तुम्हीही तुमचं काहीतरी आवरा आता."

आता नवरोबांचं म्हणावं असं घरात एकच होतं, ते म्हणजे सर्व्हर. चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणात घुरघुरत बसलेला तो एक जुना कॉम्प्युटर होता. नवरोबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, पण व्हिडिओ बघून बघून त्यांनी त्यावर लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली चढवली होती. "सगळं एका जागी हवं," असा हट्ट धरून त्यांनी बायकोच्या लॅपटॉपवरची मापं, पोशाखांची चित्रं आणि बेतायचे नमुनेही त्यात हलवले होते. ती तयार नव्हती. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं नवरोबांनी विचारलं, तेव्हा ती "न्या," म्हणाली.

तर नवरोबा स्टूल घेऊन चपलांच्या कपाटासमोर बसले आणि सर्व्हरमध्ये काय काय भरलंय याची यादी काढली. ती संपता संपेना. त्यांनी बायकोचाच नियम लावला. हे आपण वापरलं का? नाही. हे? नाही. 'पर्ल'? या नावाचं काही आपण आयुष्यात वापरल्याचं त्यांना आठवेना. काढा बाहेर.

तेव्हा कॉम्प्युटरने इंग्रजीतून बजावलं, की तुम्ही करताय ते घातक ठरू शकतं. नुसतं 'हो' म्हणून चालणार नाही. पुढे जायचंच असेल तर पूर्ण वाक्य टाइप करा: हो, मी सांगतो तसं कर!

नवरोबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्यांना भरून आलं. या घरात त्यांचं ऐकणारं कुणी असेल तर तो बैठकीतला पंखा, आणि तोही तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर. कचेरीत तर शिपाईसुद्धा त्यांना "बघू" म्हणतो. आणि इथे कुणीतरी आपणहून त्यांचा हुकूम मागत होतं. असं वाक्य म्हणायची संधी पुन्हा कधी येणार? त्यांनी ताठ बसून एक एक अक्षर टाइप केलं.

कॉम्प्युटरने अक्षरशः ऐकलं. पर्ल गेलं, त्याच्या मागोमाग त्याच्या आधाराने उभं असलेलं जे जे होतं ते सगळं भराभर गेलं. नेटवर्क गेलं. स्क्रीनवरचा रंगीत पडदा गेला. नवरोबांना यातलं काही कळेना, म्हणून त्यांनी कळत नसलं की जे करतात ते केलं. बंद करून परत चालू केला. तो परत चालू झाला नाही.

अशा वेळी मेव्हण्याला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मेव्हणा कॉम्प्युटरवाला. 'तुझी मदत लागणार नाही' असं नवरोबांनी त्याला तीन माणसांदेखत सांगून ठेवलं होतं.

"काय दिसतंय, भाऊजी?"

"काळं."

"काळं म्हणजे?"

"काळं म्हणजे काळं. वर कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय."

"काढलंत काय नक्की?"

"पर्ल."

"का?"

"आपण ते वापरत नव्हतो."

मग मेव्हण्याने विचारलं, "भाऊजी, तुम्ही तुमचं यकृत कधी वापरलंय?"

"मी? नाही बुवा." नवरोबा गोंधळले. "म्हणजे, मुद्दाम असं नाही."

"तसंच आहे ते. बरं, ताईचं काम आहे ना त्यात? ते जागेवर असेल. फक्त आत जायचं दार पडलंय. एक पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर लिनक्स टाकू आणि त्याच्यावरून मशीन चालू करू. मात्र पेन ड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जाईल. तुमच्याजवळ रिकामा आहे ना?"

रिकामा नव्हता. पण बायकोच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, रिळांच्या खाली, एक लाल पेन ड्राइव्ह सापडला. नवरोबांनी तो हातात धरला आणि स्वतःला विचारलं, हा आपण वर्षभरात वापरला का? आपण तर नव्हता वापरला. (एका सकाळी एकच चूक दोनदा करायला चिकाटी लागते. ती नवरोबांकडे आहे.)

कचेरीच्या लॅपटॉपवरून त्यांनी पेन ड्राइव्ह तयार केला, सर्व्हरला लावला, आणि चपलांच्या कपाटात रंगीत पडदा उजळला. त्याच वेळी दारात बायको उभी राहिली, काखेत अस्तराचा गठ्ठा.

"सर्व्हरला जरा बरं नाहीये," नवरोबा म्हणाले.

त्यांना वाटलं, आता ती रडेल. ती हसली. "मला ठाऊकच होतं. म्हणून तर मी दर शनिवारी सगळं माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवते." तिने ड्रॉवर उघडला. रिळं बाजूला केली. मग तिची नजर हळूहळू चपलांच्या कपाटाकडे वळली.

"तो लाल माझा आहे का?"

"आहे."

"त्यात काय आहे?"

"आता लिनक्स आहे."

बायको गठ्ठ्यासकट खाली बसली. ओरडली असती तर नवरोबांना बरं वाटलं असतं. ती इतकंच म्हणाली, "राजाचा अंगरखा मी चारदा बदलला होता हो." नवरोबांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मग तिने त्यांच्या हातातून फोन घेतला, त्यांना स्टुलावरून उठवलं आणि भावाला म्हणाली, "तू सांग, मी टाइप करते."

तो सांगत गेला. पेन ड्राइव्हच्या वाटेने जुन्या डिस्कच्या घरात शिरायचं, आणि आतूनच हुकूम सोडून फेकलेलं सामान परत मागवायचं. ती जशी टाचणी लावते तसं एक एक अक्षर बघून लावत होती. नवरोबा चपलांचे जोड सरळ करत बाजूला उभे होते. तेवढंच त्यांना सोपवलेलं होतं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. पर्ल आलं. त्याच्या मागून नेटवर्क आलं. शेवटी मेव्हणा म्हणाला, "आता पेन ड्राइव्ह काढ आणि चालू कर." रेघ लुकलुकली, लुकलुकली, आणि रंगीत पडदा परत आला.

बायकोने फोल्डर उघडला. राजा होता, राणी होती, द्वारपाल भाले घेऊन होते. तिने पदराने डोळे टिपले आणि राजाची बाही एकदा मोठी करून पाहिली. तेवढ्यात दाराची बेल वाजली. कापड बेतणाऱ्या बाया कात्र्या घेऊन आल्या.

त्यांना आत घेऊन बायको नवरोबांकडे वळली. "पासवर्ड मी बदललाय. यापुढे या कपाटातून तुम्ही फक्त चपला काढायच्या. कळलं?"

"हो," नवरोबा म्हणाले.

ती जागची हलली नाही. "नुसतं हो चालायचं नाही. पूर्ण वाक्य."

नवरोबांनी बायांकडे पाहिलं, त्यांच्या कात्र्यांकडे पाहिलं, आणि एक एक शब्द स्पष्ट उच्चारत म्हणाले, "हो, तू सांगशील तसं करीन."

आणि या वेळी घरात काहीही बिघडलं नाही.