सुलाबाईंचा रिकामा डबा

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करणं हा कायद्याने गुन्हा नाही. कायदे करणारे बहुतेक पुरुष होते आणि भांडी परत करण्याचं खातं त्यांच्याकडे नव्हतं, एवढंच त्याचं कारण. एरवी सांगली भागात या गुन्ह्याला माफी नाही. वाटीभर कालवण आलं, की वाटी घासूनपुसून, निदान चिमूटभर साखर घालूनच परत जाते. (उसाच्या पट्ट्यात तेवढं परवडतं.)

माधवनगरच्या सुलाबाईंनी हा नियम जन्मभर पाळला, आणि तो शेजारपाजारापुरता ठेवला नाही. दर शनिवारी त्या चर्च झाडायच्या, प्रभुभोजनाचे पेले घासायच्या आणि रविवारी उपासनेत वाटला जाणारा भाकरीचा तुकडा ताठ मानेने घ्यायच्या. व्यवहार चोख होता. देवाकडूनही कधी तक्रार आली नव्हती.

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. त्या रविवारपासून सुलाबाई शेवटच्या बाकावर बसू लागल्या आणि भाकरीचं ताट समोर आलं, की न घेता पुढे सरकवू लागल्या. झाडलं नाही, मग खायचं कुठल्या तोंडाने? ताट पुढे जाताना त्यांचे डोळे भरून यायचे. विचारलं तर त्या मोतीबिंदूवर ढकलायच्या.

नवे पाळक जयराज फलटणहून आलेले, वयाने तरुण. त्यांनी मुद्दाम प्रवचन दिलं. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही मजुरी नाही, बक्षीसही नाही. देव ते फुकट देतो, आपण फक्त घ्यायचं. मंडळींना प्रवचन फार आवडलं. इतकं, की पंच कमिटीने तातडीची सभा घेऊन ही फुकट देणगी मिळण्यास कोण पात्र आहे, याचे निकष ठरवायला घेतले. सतरंज्या झटकणे मान्य झालं. स्पीकरची वायर गुंडाळणाऱ्याचं तारण सर्वांत पक्कं समजावं, अशी सूचना आली. (सूचना वायर गुंडाळणाऱ्याचीच होती.) सुलाबाईंचा विषयही सहानुभूतीने निघाला आणि त्यांना बसल्या जागी पंख्याच्या बटणावर देखरेखीचं काम द्यावं, असा ठराव झाला. सुलाबाईंनी तो नाकारला. एका बटणावर स्वर्गात जाणं त्यांना लबाडीचं वाटलं.

शेवटी जयराज स्वतः त्यांच्या घरी गेले. सोबत आई बनुबाईंनी केलेला, तुपाने थबथबलेला डबाभर शिरा. म्हणाले, "सुलाआजी, शिरा खायचा आणि डबा रिकामा परत करायचा. एवढं जमलं, की कृपा म्हणजे काय ते कळेल."

"आवं पाळकसाहेब, त्यापरास चर्च झाडाया सांगा. गुडघं मोडलं तरी चालंल."

पण पाळक हटले नाहीत. शिरा संपला, डबा घासून फळीवर गेला आणि सुलाबाईंची झोप उडाली. एकदा त्यांनी आत शेंगदाण्याचा लाडू ठेवला, मग काढला. गुळाचा खडा ठेवला, तोही काढला. शेजारच्या मंगलने, जिचा नवरा पलटणीत आहे, मूठभर शेंगा टाकायचा सल्ला दिला. कुणाला सांगणार नाही म्हणाली. सुलाबाई म्हणाल्या, वरती कळंल की.

शनिवारी त्या काठी टेकत पाळकांच्या घरी गेल्या आणि डबा पुढे केला. जयराज हरखून गेले. त्यांनी सुलाबाईंच्या विश्वासाची तोंडभरून स्तुती केली आणि स्तुती करता करता डब्याचं झाकण उघडलं. आत पाहिलं. मग डबा जरा उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं. आतून बनुबाईंनी विचारलं, सुलाबाईंनी काय दिलंय? पाळकांचा चेहरा लाल झाला आणि ते स्टुलावर बसले.

"रिकामाच हाय," सुलाबाई म्हणाल्या. "तुमीच म्हनला हुता. पर तुमास्नी बी लय जड गेलं, न्हवं?"

आणि त्या हसल्या, गुडघे दुखेपर्यंत हसल्या. पाळकांनाही हे जमत नाही, हे बघून त्यांना कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. रविवारी ताट आलं तेव्हा त्यांनी आपले रिकामे हात उलटसुलट करून पाहिले आणि भाकरीचा तुकडा घेतला. रडल्याही, आणि यावेळी मोतीबिंदूचं नाव काढलं नाही. काहीही काम न करता भाकरी घेतल्याचं हे प्रकरण कमिटीपुढे आलं असून अद्याप प्रलंबित आहे.

वाचकांना या लोकांची गंमत वाटली असेल. वाटू द्या. फक्त तुमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर शेजारणीचा एक स्टीलचा डबा आहे, काहीतरी चांगलंचुंगलं केलं की देऊ म्हणून दिवाळीपासून ठेवलेला. तो आज तसाच देऊन या. आधी हातातली साखरेची बरणी खाली ठेवा.