बोंबलांच्या दोरीवर वाळलेलं विमान

"पंख हितं नको टांगू गो. वास लागंल, तो जन्मात जायाचा न्हाय," असं शेजारच्या आवडाबाईनं बजावलं होतं. सत्यवतीनं ते हसण्यावारी नेलं. मुंबईला राहून बी.एस्सी. झालेल्या बाईला वजन, वारा, पंखांचा कोन सगळं ठाऊक होतं. वासाचा धडा तेवढा पुस्तकात नव्हता! शिवाय बोंबील वाळवायच्या दोऱ्या चांगल्या उंच होत्या. तीन वर्षांच्या लेकीचा, राहीचा हात तिथवर पोचत नव्हता. ओल्या पंखात पोरीचं बोट गेलं तर कामटी लागणार, बोट पिकणार, मग अलिबागचा डॉक्टर, मग सुई... सत्यवतीची काळजी एकदा सुटली की मधल्या थांब्यावर थांबत नसे.

विमानाचं खूळ जेवताना निघालं होतं. अलिबागच्या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हवी होती आणि सत्यवतीला ती जागा हवी होती. सासऱ्यांना, म्हणजे हिरामणबाबांना, सुनेनं रोज थळहून अलिबाग गाठणं पसंत नव्हतं. त्यात तिचा नवरा दिनानाथ रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानातल्या मासिकात जमिनीवरून बटणानं वळवायच्या छोट्या बिनतारी विमानाचं चित्र होतं, आणि "हे तर मी पण करीन," असं ती बोलून गेली.

"कर की," बाबा भाकरी मोडत म्हणाले. "उडून घरला परत आलं, तर जा शालंत."

झालं! बांबूच्या कामट्या, जाळं तरंगतं ठेवणाऱ्या तरंडांसाठी आणलेलं पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणि दिनानाथच्या लग्नातला मलमलीचा फेटा एवढ्यावर दोन मजली पंख उभे राहिले. कापड ताठ व्हायला तिनं त्यांना भाताच्या पेजेची खळ दिली. इवलंसं इंजिन एका खलाशाकडून जुनं मिळालं. मोडक्या रेडिओंतून दिनानाथनं एका बटणाची पेटी जुळवली: एकदा दाबलं की डावीकडे, दोनदा दाबलं की उजवीकडे. बिनतारी पेटीचा सरकारी परवाना हातात येईपर्यंत सत्यवतीनं त्याला बटणाला बोट लावू दिलं नाही.

पौषातल्या एका सकाळी निम्मं थळ किनाऱ्यावर जमलं. बाबा तेवढे आले नाहीत. ते लांब, खाडीच्या तोंडाशी होडीत बसून राहिले. टाकी तीन मिनिटांपुरती भरायची ठरली होती. पण मध्येच भूक लागली तर, या हिशेबानं राहीला जास्तीचा घास भरवावा तशी सत्यवतीनं ती काठोकाठ भरली.

आणि विमान उडालं! खरंच उडालं! माडांच्या शेंड्यांवरून त्यानं असं वळण घेतलं की दिनानाथला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही. सत्यवतीचा ऊर भरून आला. एवढ्यात एक घार आली. मग दुसरी. मग कुरवांचा थवाच्या थवा. आकाशातून वाळक्या बोंबलांचा वास फिरतोय म्हटल्यावर कोण सोडणार? तिनं डावीकडे दाबलं, पक्षी डावीकडे. उजवीकडे दाबलं, तर वऱ्हाड उजवीकडे! एका घारीनं वरच्या मजल्याला नख मारलं आणि विमान समुद्रावर निघालं. टाकी भरलेली, त्यामुळे थांबायचं नाव नाही. शेवटी पार लांब पाण्यावर पडलं आणि पांगाऱ्याच्या जोरावर तरंगत राहिलं. वर पक्ष्यांचं मोहोळ.

लांबून बाबांना विमान दिसलं नाही. पाण्यावर पक्षी घिरट्या घालताना दिसले, आणि कोळ्याला त्याचा अर्थ एकच: खाली मासळीचा थवा आहे! त्यांची होडी सुटली. त्यांना बघून आणखी पाच सुटल्या. जाळी पडली.

सत्यवती राहीला कडेवर घट्ट धरून उभी होती. शाळा गेली, फेटाही गेला, असं तिनं मनाशी लिहून टाकलं.

तासाभरानं बाबा चिखल तुडवत आले. खांद्यावर जाळं, जाळ्यात दोन मजली विमान, मासा एकही नाही. आवडाबाईच पुढे होऊन म्हणाली, "हिरामणदादा, इमान उडालं ता आमी बगितलं. घरला कोनी आनलं?"

बाबांनी जाळ्यातून विमान सोडवलं. मग सुनेला म्हणाले, "शाला किती वाजता भरते?"

आता सत्यवती आठवीला हवेचा दाब शिकवते. मुलं म्हणतात, बाई झकास शिकवतात, आणि ते खरंच आहे. पण जीव थळलाच असतो. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर तिच्यासाठी एवढं बघाल? राही आजोबांजवळ आहे ना? आणि दुरुस्त केलेले पंख आजोबांनी मुद्दाम बोंबलांच्या दोरीवर तर टांगले नाहीत ना? त्या दिवशी पक्षी बघून बाकीच्या पाच होड्या कशा मासळी सोडून भलतीकडे धावल्या, ते त्यांनी फार नीट ध्यानात ठेवलंय.