उलटे तात्या

बाथरूमच्या दारात पाय ठेवताच तात्यांना समोरच्या भिंतीवरच्या आरशात आपलं डोकं खाली आणि हनुवटी वर दिसली. त्यांनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. उलटेच. धीर करून पुढे सरकले, तर चेहराच विरघळला. नुसता पांढुरका गोळा उरला. अगदी जवळ गेल्यावर चेहरा सरळ झाला खरा, पण नाक बटाट्याएवढं!

"आटोपलं," तात्या पुटपुटले.

तात्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस. डोळे गेले तर उरतं काय? बायको गेल्यापासून तसंही ते वाईटच धरून चालायचे. दाढी न करताच ते छापखान्यात गेले, मालकांच्या टेबलावर राजीनाम्याचं पाकीट ठेवलं आणि कुणाशी न बोलता घरी येऊन पडले. सुनेला म्हणाले, "पोट बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी एक डोळा किलकिला करून पाहिलं. उलटे. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, मी उलटा दिसतो गं."

"कुणाला?"

"मलाच."

"आणि बाकीचं?"

"बाकी सगळं जागच्या जागी आहे. मीच तेवढा उलटा."

ताई तासाभरात रडतच आली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वाचायला कार्ड दिलं. तात्यांनी सर्वांत बारीक ओळ घडाघडा वाचली आणि खिन्नपणे म्हणाले, "यात 'किंवा'वरचा अनुस्वार राहिलाय."

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, "एकदा मेंदूचं बघून घ्या."

घरी येईपर्यंत तात्यांनी मनातल्या मनात कपाटाच्या किल्ल्या सुनेकडे सोपवल्या होत्या. रडून सुजलेलं तोंड धुवायला ताई बाथरूमकडे गेली आणि दारातूनच किंचाळली, "अरे देवा, मीही उलटी झाले!"

नुकतीच कामावरून आलेली सून धावली. तिने भिंतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, तो दाढीचा आरसा आहे! मधे खोलगट असतो. जवळून मोठं दिसतं, लांबून उलटं. बाबा रोज गाल कापून घेतात, म्हणून रविवारी रात्री जुना काढून हा लावला. सांगायचं राहूनच गेलं."

तात्या तसेच चपला घालून छापखान्यात गेले. काय सांगायचं, कशी माफी मागायची, याची वाटेत चारदा उजळणी केली.

"मालक, ते माझं पाकीट..."

"कसलं पाकीट?" मालकांनी कागदांचा ढीग उपसला. तळाशी ते तसंच बंद पडलेलं होतं. "हे होय? बघायचं राहिलं हो. काय आहे यात?"

"काही नाही. मी तीन दिवस नव्हतो, म्हणून..."

"नव्हता?" मालकांनी मान वर केली. "कुणी काही बोललं नाही."

तात्यांनी पाकीट खिशात घातलं आणि दारापर्यंत गेले. तिथे क्षणभर उभे राहिले. मग परत येऊन त्यांनी ते फोडलं, वरची तारीख खोडून आजची घातली, आणि कागद उलगडून मालकांच्या हातात दिला.

"आता वाचा," ते म्हणाले.