अचल पाते

बचाव पथकाला एक सुरी हवी होती. मागणी एवढीच होती, आणि पुढे जे काही घडले त्यात आमच्या खात्यातल्या कोणाचीही चूक नव्हती, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो.

मी आपत्ती निवारण खात्यात वर्गीकरण अधिकारी आहे. खात्यात आलेली प्रत्येक वस्तू चल आहे की अचल, हे मी ठरवतो. खुर्ची चल, भिंत अचल. कुंडी रिकामी असेल तर चल, आणि तिच्यातल्या रोपाची मुळे खालच्या जमिनीत उतरली असतील तर अचल. लोकांना हे काम सोपे वाटते. दुसऱ्याचे काम लोकांना नेहमीच सोपे वाटते, म्हणून मी वाद घालत बसत नाही.

पथकाच्या प्रमुख बाईंना सगळे खाते ताई म्हणते. वयाने त्या माझ्याहून लहान आहेत, पण आवाज असा की दुसरे काही म्हणायला जीभ रेटत नाही. त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि उजवा पंजा माझ्या चहाशेजारी पसरून ठेवला. पहिले बोट मधल्या पेरापासून वाकडे होते.

"हे कसं झालं, माहीत आहे?"

"अपघाताचा अहवाल मी वाचला आहे."

"अहवालात बोट नाहीये. मागच्या पुरात माझ्या माणसाच्या पायाला दोराचा फास बसला. तो पाण्याखाली, मी वरून चाकूनं दोर कापतेय, आणि चाकूचा खटका सुटला. पातं माझ्याच बोटावर मिटलं. दुसरा चाकू मिळेपर्यंत जो वेळ गेला त्यात त्याचा पाय गेला. माणूस जगला, पण आता तो फाटकावर बसून लोकांच्या सह्या घेतो." त्यांनी हात उचलला. "पुन्हा नदीवर शिबिर आहे. सगळी नवी पोरं आहेत. मला भीती वाटते हो. न मिटणारी सुरी द्या मला. दुकानात फिक्स्ड ब्लेड म्हणतात."

मला वाईट वाटले. मी तसे त्यांना सांगितलेही. पण खरेदीच्या कागदावर परकी नावे चालत नाहीत, त्यामुळे आम्ही दोघे भाषा अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. ते डोळे मिटून बसले होते. विचार करताना ते तसेच बसतात, आणि न करतानाही.

"ब्लेड म्हणजे पाते," ते म्हणाले. "फिक्स्ड म्हणजे अचल. लिहा, अचल पाते."

"अहो, सुरी म्हणा की," ताई म्हणाल्या. "मिटतो तो चाकू, मिटत नाही ती सुरी. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण हे येत होतं."

"सुरी हा स्वयंपाकघरातला शब्द आहे, बाई. कार्यालयात त्याला वजन नाही. उद्या तुम्ही बचाव नौकेला होडी म्हणाल."

"होडीच म्हणतो आम्ही."

"म्हणूनच बुडते ती," भाषा अधिकारी म्हणाले आणि डोळे पुन्हा मिटले.

निवड समिती नेमली गेली. मोठे साहेब अध्यक्ष, ताई सदस्य, मी सचिव आणि साहेबांचे जावई तज्ज्ञ. जावयांची नेमणूक नात्यामुळे झाली असे काही जण बोलले, पण ते खरे नव्हे. रानावनातल्या मुक्कामाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. त्यांच्या चित्रफिती हजारो लोक बघत. त्यांत ते घराच्या गच्चीवर तंबू ठोकत, कमरेची सुरी काढत आणि एक लाकूड बराच वेळ तासत. तासलेल्या लाकडाचे पुढे काय झाले हे एकाही चित्रफितीत नव्हते. साहेबांच्या मुलीने एकदा खाजगीत सांगितले की पावसाचा थेंब पडला की ते उशी घेऊन खाली येतात.

समिती दुकानात गेली. शिबिराच्या सामानाचे मोठे दुकान होते आणि एक अख्खी भिंत सुऱ्यांनी भरलेली. जावई भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"सुरी आपण निवडायची नसते," ते म्हणाले. "सुरी आपल्याला निवडते."

"तिला घाई नसेल," ताई म्हणाल्या. "मला आहे."

जावयांना जिने निवडले ती सुरी काळी कुळकुळीत होती. पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ, मुठीत काड्या, गळ, दोरा आणि बुडाच्या झाकणात होकायंत्र. साहेबांनी ते होकायंत्र फिरवून फिरवून पाहिले. आपल्या केबिनचे तोंड नेमके कुठे आहे, हा प्रश्न त्यांना बरीच वर्षे पडला होता.

ताईंनी दुसऱ्या टोकाची एक साधी सुरी काढली. भगभगीत पिवळ्या मुठीची. "याचं पोलाद बघा," त्या म्हणाल्या, "टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत सलग एकच तुकडा आहे. पोकळ मूठ जोर लावला की मोडते. करवतीचे दात ओल्या दोरात रुततात. आणि मूठ अशी पाहिजे की चिखलात पडली तरी डोळ्यांत भरली पाहिजे."

"पण होकायंत्र?" जावई म्हणाले.

"पूर आल्यावर नदी कुठे आहे ते विचारावं लागत नाही."

जावयांचा चेहरा पडला. सासऱ्याने तो पाहिला, आणि आता काळी सुरी येणार हे मी मनाशी धरून चाललो. पण साहेबांनी पिवळी मूठ हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "आमच्या केबिनच्या पडद्यांशी जुळतो हो हा रंग." अशा रीतीने खात्याने अगदी योग्य सुरी घेतली. काळी जावयांनी स्वतःसाठी घेतली. ताई त्या दिवशी कार्यालयात सगळ्यांशी गोड बोलल्या.

सुरी माझ्या टेबलावर आली आणि इथेच घोडे पेंड खाऊ लागले. कागदावर शब्द होता 'अचल पाते'. पाते अचल, हे भाषा अधिकाऱ्यांनीच ठरवून दिलेले. निदान मूठ तरी चल ठरवावी म्हणून मी खूप प्रयत्न केला. पण पोलाद मुठीच्या बुडापर्यंत सलग होते, आणि तसे ते असावे असा आग्रह खुद्द ताईंचाच होता. म्हणजे मूठही अचल. अचल मालमत्ता आवाराबाहेर नेता येत नाही, आणि ती जमिनीला पक्की जोडलेली असावी लागते.

"अहो, टीचभर वस्तू आहे ही," ताई म्हणाल्या. त्यांनी सुरी उचलली, डावीकडून उजवीकडे नेली आणि परत ठेवली. "बघा. हलली की नाही?"

"ती हलली नाही. तुम्ही हलवलीत. अचल मालमत्ता हलवणे हा वेगळा मुद्दा आहे, तो मी आज काढत नाही."

"तुम्हाला माझं बोट दिसतंय ना?"

"दिसतंय. पण माझ्या हातात काय आहे, सांगा?"

"सुरी," ताई म्हणाल्या. खरोखरच ती तेव्हा माझ्या हातात होती. मी ती कपाटात ठेवून कुलूप लावले.

पुढच्या आठवड्यात आवाराच्या मधोमध गवंड्याने चौथरा बांधला. टोक वर ठेवावे की खाली, यावर समितीची बैठक झाली. वर ठेवले तर कोणी बसेल, असा सुरक्षेचा मुद्दा निघाला. त्यामुळे टोक खाली ठेवून पाते मुठीपर्यंत सिमेंटमध्ये बसवले. वर पिवळी मूठ, तिच्यावर काचेची पेटी, आणि पाटी: 'अचल पाते. हात लावू नये.' उद्घाटनाला फीत बांधली होती. कात्री भांडारात होती आणि भांडारपाल रजेवर. साहेबांनी फीत हाताने सोडायचा प्रयत्न केला, मग गाठ दातांनी ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब नंतर दाढ धरून बसले होते, पण छायाचित्रात ते हसल्यासारखेच दिसतात.

ताई टाळ्या वाजवत नव्हत्या. "सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही तर साधी सुरी जमिनीच्या उरात खुपसलीत. आता शिबिराला मी काय नेऊ?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी तो साहेबांकडे नेला. साहेबांनी विचारले, "शिबिर चल की अचल?" मी म्हणालो, चल. "मग झालं तर. पातं शिबिराला जाऊ शकत नसेल, तर शिबिरानं पात्याकडे यावं." नदीकाठचे शिबिर आवारात आले. गाड्या लावायच्या जागेत तंबू ठोकले. चुन्याच्या दोन रेघा ओढून नदी तयार झाली, आणि ती बरीच रुंद झाली असे सर्वांचे मत पडले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीपासून पाण्याच्या टाकीच्या खांबापर्यंत दोर बांधला. दोराला मध्ये झोळ आला, तो नेमका चौथऱ्याच्या वर.

ताईंनी दोर हाताने ओढून पाहिला. "कप्पी जुनी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याआधी कोणी जायचं नाही." पण फाटकाबाहेर गर्दी जमली होती, सगळ्यांचे फोन वर होते, आणि जावई गॅलरीत चढून तयार उभे होते. छातीवर कॅमेरा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, कमरेला काळी सुरी. साहेबांनी हिरवा रुमाल हलवला.

जावई चुन्याच्या नदीच्या मध्यापर्यंत झकास आले. तिथे पट्टा कप्पीत गेला. कप्पी आणखी अर्धा फेरा फिरली आणि थांबली, जावयांचे तिच्यावरचे हात सुटले आणि ते गळ्याने लटकले. पथकातल्या दोघांनी धावत जाऊन त्यांचे पाय खालून उचलून धरले, पण पट्ट्याला पीळ बसला होता, तो सैल होईना. ताई चौथऱ्यावर चढल्या. त्यांचा हात पट्ट्यापर्यंत पोचत होता.

"सुरी द्या," त्या ओरडल्या.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पायांकडे पाहिले. मग त्यांनीही खाली पाहिले. त्या एकदाच हसल्या, आणि ते हसू मला मुळीच आवडले नाही.

काखेत कळसा म्हणतात तसे जावयांच्याच कमरेला सुरी होती. ताईंनी ती ओढून काढली आणि पट्ट्यावर दाबली. करवतीचे दात पट्ट्याच्या विणीत रुतले. त्यांनी जोर लावला, आणि पोकळ मूठ मोडून हातात आली. काड्या, गळ आणि दोरा खाली सांडला. होकायंत्र घरंगळत माझ्या बुटापाशी आले. उत्तर दिशा ते अगदी अचूक दाखवत होते.

जावयांचा चेहरा जांभळा पडत चालला होता. साहेबांच्या मुलीने हंबरडा फोडला. साहेब माझ्याकडे वळले. "काही करता येईल का?" ते म्हणाले. मी सांगितले, अचल मालमत्तेची मोडतोड करायची तर अध्यक्षांची पूर्वपरवानगी लागते. "अध्यक्ष कोण आहे?" साहेबांनी विचारले. मी म्हणालो, "आपणच." ते आठवू लागले की परवानगी तोंडी देता येते का.

तेवढ्यात ताईंनी टाचेने काचेची पेटी फोडली. एक लांबट तुकडा मुठीत धरला आणि पट्टा कापायला लागल्या. पट्टा तुटायला वेळ लागला, कारण काच पट्ट्यात जात होती तशीच तळहातातही जात होती. शेवटी जावई खाली कोसळले, खोकले आणि रडू लागले. ताईंच्या हातातून रक्त वाहत होते, ते चौथऱ्यावरून पाटीवर आले. फाटकावर सह्या घेणारा त्यांचा जुना माणूस लंगडत धावत आला आणि त्याने आपला सदरा फाडून त्यांचा हात बांधला. जागा सोडल्याबद्दल त्याची नोंद मला घ्यावी लागली.

चौकशी रीतसर झाली. जावयांचा जीव वाचला याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले. काच मात्र सिमेंटला जोडलेली होती, म्हणजे अचल होती, आणि ती जाणूनबुजून फोडली गेली हे ताईंनीही नाकारले नाही. "तुम्ही काय केलं असतं?" एवढेच त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, मी सचिव आहे. त्यांना निलंबित करण्यात आले. तळहाताची शीर तुटल्यामुळे आता त्यांच्या दोन बोटांना पकड राहिलेली नाही, तेव्हा सुरी मिळाली असती तरी त्यांना ती धरता आली नसती. समितीने ही बाबही विचारात घेतली.

पथकाचे सल्लागार आता जावई आहेत. 'मरणाच्या दारातून' ही त्यांची चित्रफीत फार गाजली, आणि काळ्या सुरीचा खप वाढला. तुम्ही ती पाहिली असेलच. पाहिलीच नव्हे, त्या दिवशी फाटकाबाहेर फोन वर धरून तुम्हीही उभे होतात. एवढ्या गर्दीत एकानेही फाटक ढकलले नाही, ही शिस्त आम्ही अहवालात आवर्जून नोंदवली आहे. नंतर फुटकी पेटी बघवत नाही म्हणून तक्रारी करणारेही तुम्हीच होतात. तुमच्या मागणीला मान देऊन आम्ही नवी काच बसवली आहे, आणि ती या खेपेला हाताने काय, हातोड्यानेही फुटत नाही. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन बघायला येता, आनंद वाटतो.

नदीचे पाणी यंदा जरा जास्तच चढते आहे म्हणतात. काळजी करू नका. पुरात तुमच्या पायाला दोराचा फास बसला, तर ताईंना हाक मारण्यात वेळ घालवू नका, त्या आता खात्यात नाहीत. दोरासकट पोहत कार्यालयीन वेळेत आमच्या आवारात या. पाते जागेवरच असेल.