रऊफचाचांचे चाळीस तास

काम टाळायला लपणारी माणसं मी लई पाहिली. आमचे रऊफचाचा मात्र घरी पाठवतील म्हणून लपायचे! बरं, लपून तरी गप बसावं? खोक्यांच्या थप्पीमागं बसून चिकटपट्टी लावत राहायचे, अन् त्या पट्टीच्या चर्र आवाजावरून सुपरवायझर त्यांना हमखास धरायचा.

त्याला कारण होतं. वाळूजच्या आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात आम्ही सगळे ठेकेदाराकडं. नियम असा निघाला की आठवड्याचे चाळीस तास भरले तरच आजारपणाच्या विम्याचं कार्ड चालू. एक तास जरी कमी पडला तर पुढच्या महिन्यापासून बंद. हप्ता ठेकेदारानं भरायचा. मग काय, त्याला एकाएकी आमची दया यायला लागली. शनिवार आला की म्हणायचा, "दमला असाल, जा घरी, आराम करा!" मेल्याची माया बघा.

तेव्हापासून आमची झोप उडाली अन् चाचांचा सलाम सुटला. सकाळी भेटले की पहिला सवाल, "बेटा, घंटे किती झाले?" कुणाची दाढ दुखली की ह्यांचे डोळे चमकायचे. "जा जा, आराम कर. तुझी मशीन मी बघतो!" असेच माझे दोन तास त्यांनी एकदा लाटले. माझ्या कार्डावर माझी दोन पोरं, त्यात धाकट्याला दमा. कसेबसे तास भरले, पण आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

दोस्ताच्या पोरीचं लग्न पाचोडला होतं, तर हे बजाजनगरातल्या खोलीवरून सरळ कामावर हजर. "दोस्त माफ करंल गं. ठेकेदार करतो का?" अन् एवढं करून आजारपण काय? साधी शिंक नाही!

"मग कार्ड कशाला हवं तुम्हाला?" मी चिडून विचारायची.

"लागतं बेटा, लागतं," एवढंच म्हणायचे.

मागच्या शनिवारी थप्पीमागचा आवाज मधेच थांबला. जाऊन बघते तर चाचा छाती दाबून बसलेले, घामानं चिंब, चेहरा पांढराफटक.

"अगं बाई! चला, दवाखान्यात चला!"

"थांब. एकच घंटा राहिलाय."

"अहो, जीव जाईल!"

"आत्ता निघालो तर कार्ड बंद पडंल. कार्ड बंद पडल्यावर दवाखान्यात कसा जाऊ?"

एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा मात्र दंडाला धरून उठवलं अन् शिव्या देत रिक्षात कोंबलं.

दवाखान्यात ह्या महिन्याचं कार्ड चाललं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, पण आज इथंच राहावं लागेल. मग नर्सनं विचारलं, "सोबत कोण आहे? घरच्यांना बोलवा."

चाचा वर छताकडं बघायला लागले. "घरात कुणी नाय. बीवी गेली, लेकरू झालं नाय." मग हळूच म्हणाले, "कार्ड आहे ना."

"मी आहे सोबत," मी म्हणाले. "सुमन. लिहा."

तेवढ्यात चाचांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली अन् ते दचकून उठायलाच लागले. "सुमन, अगं तुझे घंटे! माझ्यापायी तुझंबी कार्ड जाईल. धाकट्याचं काय करशील? पळ, रिक्षा पकड, अजून गाठशील. मला काय झालं नाय. जा ना बेटा, जा!"

खरं होतं, अजून गाठता आलं असतं. धाकट्याची रात्रीची धाप आठवली. मी उठले, डब्याची पिशवी उचलली.

पिशवी येईना. "जा, जा" म्हणत चाचांनी तिचा पट्टा मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

मी परत बसले.