सोपाननानांचा ऑगस्ट

नव्वद साली मी शाळेतल्या नोकरीमुळे डिंगोऱ्यात राहायला आलो आणि शेजार मिळाला सोपाननानांचा. हा माणूस अकरा महिने सगळ्यांना 'व्हय' म्हणे आणि ऑगस्टात कुणालाही 'न्हाई'.

एक ऑगस्टला पहिला मान नानींचा. "भाजी आणता का?" "न्हाई!" नानी मुकाट्यानं पिशवी आमच्याकडे पाठवत. कारण विचारलं की नाना ओसरीवर ताठ बसत. "बेचाळीसच्या ऑगस्टात देशानं इंग्रजाला चले जाव सांगितलं. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात गेला का न्हाई त्यो? मंग! न्हाई म्हनायचा म्हैना ह्योच, राव!"

एकदा जुन्नरहून येताना ते एसटीत आमदारांच्या राखीव सीटवर बसले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उठा." "आमदार कुठंय? येऊ द्या, मग बघू." डिंगोरे आलं तरी आमदार काही आले नाहीत. याच नानांनी जुलैत कुणाच्या तरी कांद्याच्या पोत्याला जागा दिली होती आणि स्वतः उभे राहिले होते.

गावही बेरकी. कुणी बांध कोरला, कुणी पाण्याची पाळी चोरली, की लोक म्हणत, "ऑगस्ट लागू द्या, नानांना धाडू." नाना छत्री घेऊन जात आणि लई भांडून येत. मला हसू यायचं आणि रागही. बाकीचे अकरा महिने हा माणूस जातो कुठं?

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत त्यांची धाकटी, शोभा, अंगावर वळ घेऊन माहेरी आली. चौथ्या दिवशी सासरचे न्यायला हजर. नानांचे थोरले भाऊ ओसरीवर बसून म्हणाले, "लेक सासरीच बरी. सोपान, पाठीव तिला." थोरल्याचा शब्द नानांनी जन्मात मोडला नव्हता. आत शोभानं पिशवी भरून ठेवली होती. बाप तिलाही ठाऊक होता.

नानांची मान खाली गेली. मी मनात म्हटलं, संपलं.

"न्हाई," नाना म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "न्हाई, दादा. पाठवनार न्हाई. पावणं, तुमी निघा."

थोरले ताडकन उठून गेले. पाहुणेही तणतणत गेले. नाना खांबाला धरून उभे होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नाना, आज फेब्रुवारी आहे."

तांब्या त्यांनी नुसताच धरून ठेवला. "थोरली एक व्हती, सुमन. ती बी अशीच आली व्हती. दादा तवाबी हेच म्हनला. माझ्या तोंडातून शबुद निघंना. पाठवली. म्हैन्यानं तिची मातीच करायला गेलो."

एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"मी भित्रा मानूस, गुरुजी," नाना म्हणाले. "धाकटीच्या वक्ताला तरी जमावं, म्हनून सवय करीत व्हतो."