मागच्या सीटचा आवाज

जावईबापूंनी हायब्रीड गाडी घेतली आणि आठवडा उलटायच्या आत त्यांना तिच्यातला एकमेव दोष कळला. ती आवाज करत नव्हती.

शोरूममधल्या पोराने हाच तिचा मोठा गुण म्हणून सांगितला होता. "सर, सुरू झाली तरी कळणार नाही तुम्हाला!" जावईबापू खूश झाले होते. ते कानाच्या एका दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करत. दिवसभर लोकांना हेडफोन घालून काचेच्या खोलीत बसवायचं, बारीक आवाज सोडायचे आणि "ऐकू आलं की बोट वर करा" म्हणायचं. अशा माणसाला गाडीतही शांतता मिळाली तर आणखी काय हवं?

पण जुन्या गाडीचा खडखडाट गेला आणि मागच्या सीटवरच्या सासूबाई ऐकू येऊ लागल्या.

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आल्या होत्या. ऑपरेशन झकास झालं. इतकं झकास, की आता त्यांना सगळंच दिसत होतं.

"जावईबापू, पुढे टेम्पो आहे हं."

"दिसतोय, आई."

"दिसत असेल हो. तुम्ही जांभई देत होतात म्हणून म्हटलं."

त्या कधी चिडत नसत, आवाजही चढवत नसत. जुन्या गाडीतही त्या हेच बोलत असणार, पण तिथे इंजिन मध्ये पडायचं. आता प्रत्येक शब्द नीट पुसून ठेवल्यासारखा कानाशी येई. "वळताना तुम्ही खांदा का हो वर करता?" असं त्यांनी एकदा सहज विचारलं आणि तेव्हापासून जावईबापूंचं वळण्यातलं सुखच गेलं.

बायकोकडे दाद मागून उपयोग झाला नाही. "आई काळजीनं बोलते," ती म्हणाली. "आणि खांदा करताच तुम्ही वर."

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत गाड्यांना स्पीकर बसवून देणारा एक जण होता. सगळे त्याला भोंगा म्हणत. स्वतःच्या मालाच्या सहवासात राहून त्याला साधं बोलताच येत नसे.

"आवाज किती मोठा पाहिजे?" त्याने ओरडून विचारलं.

"मागचं बोलणं पुढे ऐकू येऊ नये, इतका."

भोंग्याने गाडीकडे पाहिलं, जावईबापूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मागे कोण बसतं?"

"सासूबाई."

"मग मोठा वूफर लागेल," भोंगा गंभीरपणे म्हणाला.

संध्याकाळपर्यंत दारांत स्पीकर बसले, ॲम्प्लिफायर बसला आणि डिकीत, मागच्या सीटला अगदी खेटून, वूफरचा, म्हणजे धडधडणाऱ्या ठोक्यांचा, भलामोठा डबा स्क्रूने आवळला गेला. निघताना भोंग्याने बजावलं, "हायब्रीडची मोठी बॅटरी वेगळी. आपलं सगळं डिकीतल्या छोट्या बॅटरीवर चालतं, आणि तिचा जीव लहान. ब्रेक दाबून बटण दाबायचं, स्टिअरिंगमागच्या काचेवर 'रेडी' आलं की मगच गाणी. नाहीतर ती बसलीच म्हणून समजा." जावईबापूंनी मान हलवली. रोज दवाखान्यात ते लोकांना सांगत, मोठ्या आवाजात गाणी ऐकू नका. तेव्हा लोकही अशीच मान हलवत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज वाढवला आणि आरशात पाहिलं. सासूबाईंचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. टेम्पो आले, सिग्नल आले, एक कुत्रं आडवं आलं. जावईबापू मनमोकळेपणाने खांदा वर करून वळले. बायको कानांत बोटं घालून काहीतरी म्हणाली, तेही ऐकू आलं नाही.

नवल म्हणजे सासूबाईंनी तक्रार केली नाही. उलट त्यांची फिरण्याची हौस वाढली. भाजीला, औषधाला, काही काम नसलं तर नुसत्याच त्या गाडीत येऊन बसत. "लावा तुमची गाणी," असं म्हणत आणि पदर नीटनेटका करत.

मग त्यांचा परत जायचा दिवस आला. दुपारची रेल्वे होती. जावईबापूंनी सकाळपासून अंगात वारं भरल्यासारखी कामं केली. सुटकेस, पिशव्या आणि सासूबाईंची तिकीट ठेवलेली पर्स, सगळं डिकीत नेऊन ठेवलं. मायलेकींचा निरोप काही संपत नव्हता, म्हणून ते गाडीत जाऊन बसले. बटण दाबलं. पडदा उजळला. गाणी लागली. इंजिनाचा आवाज नव्हता, पण तो या गाडीला कधीच नसे. ब्रेकवर पाय ठेवायचा राहिला आहे, हे कळायला दुसरा काही मार्ग नव्हता, आणि काचेवर 'रेडी' उमटलंय का हे बघायला त्यांचे डोळे उघडे नव्हते. ते तालावर मान डोलवत होते.

एका जोरदार ठोक्याला गाणं थांबलं. जावईबापूंना वाटलं, संपलं असेल.

मायलेकी खाली आल्या तेव्हा गाडी मेलेली होती.

"टॅक्सी बोलावते," बायको म्हणाली. "सामान काढा तुम्ही."

टॅक्सी आली, पण सामान निघेना. डिकी विजेवर उघडायची, वीज बॅटरीत असायची आणि बॅटरी डिकीत होती. जावईबापूंनी भोंग्याला फोन लावला. तो इतका मोठ्याने बोलला की टॅक्सीवाल्यालाही उत्तर ऐकू आलं. "मागची सीट पाडा! डब्याच्या बाजूनं हात घाला! आत डिकीच्या दाराला एक खटका आहे, तो ओढा!"

अर्धी सीट पडली. डब्याच्या बाजूला फट होती. जावईबापूंनी तीत हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदाही गेला. खटका मात्र बोटभर पलीकडेच राहिला. ते मागे सरायला गेले, तर खांदा येईना.

"अडकलात?" बायकोने विचारलं.

"नाही," ते डब्याला गाल टेकून म्हणाले. "विचार करतोय."

टॅक्सीवाला घड्याळ बघून निघून गेला. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका दोन जाडजूड वायरी खांद्यावर टाकून आले. एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरीला वीज द्यायच्या त्या वायरी त्यांनी घेतल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि सोसायटीतल्या कोणाचीही गाडी कधी बंद पडली नव्हती. "कुणी कशाला हात लावू नका!" असं आनंदाने ओरडून त्यांनी आपली गाडी शेजारी आणली, दोन्ही बॉनेटं उघडली आणि हायब्रीडमध्ये पुढे त्यासाठीच ठेवलेल्या टोकांना चिमटे लावले.

वीज आली. पडदा उजळला. गाणं जिथं थांबलं होतं तिथून, पूर्ण आवाजात, पुढे सुरू झालं. वूफरला गाल लावून बसलेल्या जावईबापूंच्या पुढच्या दोन दातांच्या कवळीपर्यंत हादरा गेला. कवळी पहिल्यापासून ढिलीच होती, ती आता तालावर वाजू लागली. बायकोने किल्लीचं बटण दाबलं. डिकी उघडली. आत सुटकेस होती, पर्स होती आणि मदतीसाठी बोटं हलवणारा जावईबापूंचा हात होता.

काकांनी आणि बायकोने मिळून त्यांना ओढून काढलं. तोवर स्टेशनवरून रेल्वे सुटलीही होती.

"गाडीपायी गाडी गेली," बायको म्हणाली. "आधी ते स्पीकरचं खटलं काढून टाका."

"उद्याच काढतो," जावईबापू म्हणाले. ते ओरडत होते, हे त्यांना कळत नव्हतं. "आई, माफ करा. माझंच चुकलं. तुम्हाला त्या आवाजाचा किती त्रास झाला असेल."

"त्रास कसला?" सासूबाई म्हणाल्या. "काढू नका हो. आमच्या घरी भिंती पातळ, माणसं फार. आयुष्यभर जे मनात आलं ते मनातच ठेवलं. तुम्ही ते लावल्यापासून मागे बसून मी सगळं बोलून घेते. आमच्या ह्यांच्याबद्दल, सुनेबद्दल, हिच्याबद्दल. मोठ्यानं बोलते, कुणाला ऐकू जात नाही. किती हलकं वाटतं!"

बायको आईकडे वळली. "माझ्याबद्दल काय?"

"ते ऐकायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. तिघं स्टेशनकडे निघाले. जावईबापूंनी ब्रेक दाबला, 'रेडी' बघितलं, गाणी लावली. आरशात सासूबाईंचे ओठ हलू लागले. आज त्या हातवारेही करत होत्या. चौकापर्यंत जावईबापूंनी दम धरला. मग त्यांच्या बोटांनी आवाजाचं बटण हळूच किंचित मागे फिरवलं. मग आणखी किंचित.

मागचं बोलणं थांबलं.

"जावईबापू, आवाज वाढवा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आता तुमचाच विषय आलाय."

त्यांनी निमूट आवाज वाढवला. शेजारी बायकोने थोडा वेळ समोर पाहिलं. मग तिने खिडकीकडे तोंड वळवलं आणि तीही बोलायला लागली.